मशाल किती वेळ जळते?

जुन्या वळणाच्या अद्भुत रोलप्ले खेळांपैकी कोणता निवडावा, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पुस्तकांची तुलना करून दिलं जातं. कुठल्या पुस्तकाची पानं किती, कुठलं मूळ खेळाशी जास्त इमान राखतं, कुठल्यात चिलखताचा आकडा वर चढतो आणि कुठल्यात खाली उतरतो, याचे तक्ते मांडले जातात. ही तुलना खोटी नाही, पण उथळ आहे. निवड करताना फक्त एक गोष्ट बघावी असं माझं मत आहे: हा खेळ काय मोजतो? खेळ जे मोजायला लावतो तेच खेळणाऱ्यांच्या नजरेत राहतं. जे तो मोजत नाही ते चार बैठकींत टेबलावरून नाहीसं होतं. वाशिमसारख्या जिल्ह्यात बसून मराठीत खेळायचं असेल, तर कुठली मोजमापं इथल्या जमिनीला लागू पडतात यावर निवड ठरली पाहिजे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण सतरंजीवर किंवा टेबलाभोवती बसतात. एक जण जग सांभाळतो, त्याला इथे ‘खेळ चालवणारा’ म्हणतो. बाकीचे एकेक पात्र होतात. चालवणारा सांगतो, “गढीच्या मागच्या भिंतीला भगदाड आहे, आतून गार वारा येतोय. काय करता?” खेळणारे काय करतात ते बोलून सांगतात, आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे पडतात. पट नसला तरी चालतं. सोंगट्या नसल्या तरी चालतं.

१. वाद कशावर चालतो

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात निघाला. त्या पुस्तिका इतक्या विस्कळीत होत्या की प्रत्येक टेबलाने त्यांचा आपापला अर्थ लावला. 1977 मध्ये एरिक होम्स यांनी आणि 1981 मध्ये टॉम मोल्डवे यांनी नवशिक्यांसाठी नियम नीट मांडले. पुढे खेळ फुगत गेला. पात्रं बलवान झाली, नियमांचे ग्रंथ झाले. 2000 साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर एक खुला परवाना आला आणि त्याचा आधार घेऊन जुन्या खेळाच्या चाहत्यांनी जुने नियम नव्या नावांनी पुन्हा छापायला सुरुवात केली: 2006 मध्ये ‘ऑस्रिक’, 2007 मध्ये ‘लॅबरिंथ लॉर्ड’, 2008 मध्ये ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’, 2019 मध्ये ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’. दुसऱ्या बाजूला जुन्या खेळाची वृत्ती ठेवून नियम मात्र नव्याने लिहिणारे आले: ‘इन्टू द ऑड’ 2014, ‘नेव्ह’ 2018, ‘केर्न’ 2020, ‘शॅडोडार्क’ 2023.

पहिल्या गटातली पुस्तकं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की एकासाठी लिहिलेलं साहस दुसऱ्यात जवळजवळ तसंच चालतं. ‘स्वोर्ड्स अँड विझर्ड्री’त संकटातून वाचण्याचा एकच आकडा आहे, ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’मध्ये पाच आहेत. एवढ्याशा फरकावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांना मी विचारतो की तुमच्या मागच्या तीन बैठकींत या फरकामुळे कोणी वेगळा निर्णय घेतला का? बहुधा नाही. मात्र मशाल विझली म्हणून कोणी परत फिरलं का, असं विचारलं तर उत्तर लगेच येतं.

२. प्रत्येक खेळ म्हणजे एक मोजमाप

ही कल्पना आपल्याला परकी नाही. मोक्षपट घ्या. परंपरा त्याचं श्रेय ज्ञानेश्वरांना देते. कवड्या टाकून एकेक घर पुढे जायचं, सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरातून साप खाली आणतो. त्याच पटाची सापशिडी झाली तेव्हा घरांची नावं गळाली आणि उरले नुसते आकडे. चाल तीच राहिली, पण खेळ काय मोजतो ते बदललं आणि त्याबरोबर खेळाचा अर्थही गेला. त्यामुळे ‘नियम दुय्यम, गोष्ट महत्त्वाची’ हे मला पटत नाही. मोक्षपटात गोष्ट नियमातच होती.

1981 च्या नियमांत, आणि तेच नियम पुन्हा मांडणाऱ्या ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’मध्येही, भुयारातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत मोजतात. एक मशाल अशा सहा तुकड्यांत, म्हणजे तासाभरात संपते. कंदिलाचं तेल चोवीस तुकडे पुरतं. दर दोन तुकड्यांनी एक फासा टाकायचा, सहात एक आला तर अंधारातून कोणीतरी येतं. दर तासाला दहा मिनिटं विसावा घ्यायचाच. हे वाचताना कोरडं वाटतं, टेबलावर मात्र अंगावर येतं. भिंत ठोकून बघायची असेल तर दहा मिनिटं जातात. प्रत्येक कुतूहलाची किंमत तेलात द्यावी लागते, आणि पेटी उघडायची की मागे फिरायचं यावर माणसं खऱ्याखुऱ्या काळजीने भांडतात. ‘शॅडोडार्क’ने तर मशालीचा तास घड्याळातला खरा तास केला आहे.

याच ठिकाणी मराठी टेबलाला एक गोष्ट आयती मिळते. आपल्याकडे घटका आहे, चोवीस मिनिटांची. मशालीचा तास म्हणजे बरोबर अडीच घटका. कंदिलाचे चार तास म्हणजे दहा घटका. प्रहर तीन तासांचा. दहा मिनिटांच्या तुकड्यासाठीच्या परक्या ‘टर्न’ शब्दाला प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा भुयारात घटका मोजा आणि माळावर प्रहर. आकडे नीट बसतात, आणि ‘घटका भरत आली’ असं चालवणाऱ्याने म्हटलं की त्यातली धास्ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

३. ओझं, आणि बैलाच्या पाठीवरचा हिशेब

जुन्या खेळात ओझं नाण्यांत मोजत. दहा नाणी म्हणजे एक पौंड, आणि एका माणसाने जास्तीत जास्त 1,600 नाण्यांइतकं वजन न्यावं. हा हिशेब किचकट आहे हे मी मान्य करतो. खूप टेबलांनी तो सोडून दिला आणि त्याबरोबर खेळाचा अर्धा जीव गेला. ‘केर्न’ने तो सोपा केला. प्रत्येकाकडे दहा जागा. साधी वस्तू एक जागा घेते, अवजड वस्तू दोन. दमलात की थकवाही एक जागा अडवतो. दहाही जागा भरल्या की अंगावर येणारा घाव चुकवण्याची ताकद शून्यावर येते. कागदावर दहा ओळी आखल्या की काम झालं, दहा वर्षांच्या मुलालाही जमतं.

मला हा नियम इतका मोलाचा का वाटतो? मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं तीर्थ. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे. रेल्वे येण्याआधी दख्खनच्या बाजारांना आणि फौजांना धान्य-मीठ पुरवलं ते लमाण तांड्यांनी, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. किती गोण्या, किती मुक्काम, पाणी कुठे, पुढच्या मुक्कामाला चारा आहे की नाही, यावर तांड्याचं जगणं ठरे. अद्भुत कथेत वीर उठतो आणि पुढच्या वाक्यात शंभर कोसांवर पोचतो. मधल्या वाटेवरचं शहाणपण कथेच्या बाहेर राहतं. ओझं मोजणारा खेळ ते शहाणपण आत आणतो. तिथे तलवारबाजापेक्षा वाट जाणणारी आणि बैल सांभाळणारी बाई टेबलावर जास्त मोलाची ठरते. हे शहाणपण या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांच्या आठवणीत आहे, आणि अशा खेळात त्याला पहिल्यांदा किंमत येते.

भुयाराचंही तेच. वऱ्हाडात भुयार दाखवायला युरोपातला किल्ला लागत नाही. गावोगाव देशमुख-पाटलांच्या ढासळलेल्या गढ्या आहेत. त्यांची पांढरी माती लोकांनी धाब्यावर टाकायला वर्षानुवर्षं खणून नेली. धान्याची पेवं आहेत, बारवा आहेत. गढी ते देऊळ भुयार जातं अशी वदंता नसलेलं जुनं गाव सापडणं अवघड. एक सूचना मात्र मनापासून करतो. शिरपूरचं अंतरिक्ष पार्श्वनाथ, कारंज्याचं नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, वाशिमचा बालाजी, पोहरादेवी ही लोकांच्या जिवंत श्रद्धेची ठिकाणं आहेत. त्यांची भुयारं करून तिथे राक्षस बसवू नयेत. ओसाड गढी पुरेशी आहे.

४. सोन्याचा प्रश्न

जुन्या खेळाची सर्वांत हुशार आणि आपल्याकडे सर्वांत धोक्याची कल्पना एकच आहे. 1974 पासून पात्राचा ‘अनुभव’ मुख्यतः सोन्यात मोजला गेला: सुखरूप बाहेर आणलेल्या एका सुवर्णनाण्याला एक गुण. 1981 च्या नियमांत लढवय्याला दुसऱ्या पायरीवर जायला 2,000 गुण लागतात, आणि एक साधा ऑर्क (एक प्रकारचा राक्षस) मारून मिळतात 10. म्हणजे दोनशे ऑर्क मारा, नाहीतर दोन हजार मोहरांची एक पेटी कोणाला न मारता बाहेर काढा. शहाणी माणसं काय करतील ते उघड आहे. लढाई टाळणं, फसवणं, बोलणी करणं, पळणं हे सगळं फायद्याचं ठरतं. मारण्याचे गुण देणाऱ्या पुढच्या काळातल्या खेळांपेक्षा हा नियम नैतिकदृष्ट्या मला कितीतरी बरा वाटतो.

पण जमिनीतलं सोनं हा शब्द अमेरिकेत एक अर्थ देतो आणि वाशिममध्ये दुसरा. इथे त्याला गुप्तधन म्हणतात. गुप्तधनाच्या नादात माणसांनी जमिनी विकल्या, मांत्रिकांच्या मागे घरं बुडवली, आणि नरबळीपर्यंत मजल गेली. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन शोधण्यासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला, तो उगाच नाही. रात्री गढीत उतरून सोनं काढलं की माणूस मोठा होतो, हे मोजमाप इथल्या पोरांच्या हातात जसंच्या तसं देऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

मग सोनं काढूनच टाकायचं? नाही. ते काढलं की लढाई टाळण्याचं कारणही जातं. उत्तर जुन्या खेळातच आहे. आर्नेसनच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळजगाची सामग्री 1977 मध्ये छापली गेली. तिथे सोनं नुसतं आणून गुण मिळत नाहीत, ते खर्च केलं तर मिळतात. आपण एक पाऊल पुढे जाऊ: सोनं दिवसाउजेडी गावात आणलं आणि गावासमोर खर्च झालं तरच त्याचा गुण. बारव उपसली, पूल बांधला, कोणाचं सावकारी कर्ज फेडलं, तर गुण. लपवून ठेवलं तर शून्य. 1878 च्या निखात निधी कायद्यातही हाच विचार दिसतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवायचं, ते गुपचूप घरी न्यायचं नाही.

आणि खजिना म्हणजे सोनंच का? 1939 मध्ये वाशिमला ताम्रपट सापडले. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या 37 व्या वर्षी दिलेलं गावाचं दान त्यात कोरलेलं आहे. वंशावळ संस्कृतात आहे, बाकीचा मजकूर प्राकृतात. सोन्याच्या भावाने त्या तांब्याला काय किंमत? पण वत्सगुल्म म्हणजेच वाशिम आणि ते एका राजशाखेचं ठाणं होतं, हे पक्कं करण्यात त्या पत्र्यांचा मोठा वाटा आहे. माझ्या टेबलावर ताम्रपटाला मोहरांच्या हंड्याइतके गुण असतील, अट एकच: तो वितळवायचा नाही, वाचून घ्यायचा.

५. अंधारात भेटलेला माणूस

जुन्या नियमांत भुयारात कोणी समोर आलं की दोन फासे टाकून त्याचा कल ठरतो. अगदी कमी आकडा आला तर हल्ला, अगदी जास्त आला तर मैत्री, आणि मधला मोठा टप्पा म्हणजे सावध अनिश्चितता. याच्या जोडीला धैर्याचा आकडा असतो. पहिला गडी पडल्यावर शत्रूंपैकी कितीतरी जण लढण्याऐवजी पळतात किंवा शरण येतात. या दोन नियमांशिवाय जुना खेळ म्हणजे खाटीकखाना. त्यांच्यासह तो परक्याशी कसं वागावं याचा अभ्यास होतो, कारण समोरच्याचा हेतू चालवणाऱ्यालाही आधी माहीत नसतो. आडवाटेवर कोणी दिसलं की आपण आधी ‘राम राम’ घालतो आणि मग अंदाज घेतो. हा नियम तेच करतो.

पण त्याच जुन्या पुस्तकांत त्याच्या उलट जाणारी आणखी एक गोष्ट आहे: अख्ख्या जातीच्या जाती जन्मतः ‘अराजक’ किंवा दुष्ट म्हणून यादीत लिहिलेल्या. तिकडच्या वाचकाला ही परीकथेची सोय वाटली असेल. आपल्याकडे ही यादी सरकारने खरोखर केली होती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांना गुन्हेगार ठरवलं. विदर्भातले फासेपारधी तो शिक्का 1952 मध्ये कायदा रद्द झाल्यावरही सोसत राहिले. ज्या खेळात ‘हे दिसले की मारा, यांची जातच तशी’ असं मोजमाप आहे, तो खेळ मी इथे कोणाच्या मुलांसमोर मांडणार नाही. ‘केर्न’मध्ये अशी यादीच नाही, हा त्याचा मला दिसणारा मोठा गुण.

६. आक्षेप

पहिला आक्षेप अनुभवी लोकांचा: चालवणारा चांगला असेल तर कुठलाही नियम चालतो, मग निवडीचं एवढं काय? चांगला चालवणारा चांगला दिवस असेल तोवर हे खरं आहे. पण माणूस दमतो, तयारी कमी पडते, रात्रीचे अकरा वाजतात. तेव्हा तो पुस्तकाकडे बघतो, आणि पुस्तक ज्याचा आकडा मागतं तेच तो पुढे करतो. पुस्तक फक्त घावांचे आकडे मागत असेल तर दमलेला चालवणारा लढाई सुरू करतो.

दुसरा: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती सगळे खेळतात, खेळाडू मिळतील, तीच शिकवा. खेळाडू मिळण्याचा मुद्दा पुण्या-मुंबईत वजनदार आहे. वाशिममध्ये टेबल आपल्यालाच शून्यातून जमवावं लागणार, तेव्हा तो इथे गळतो. शिवाय त्या खेळात उजेड हा फुकट, कितीही वेळा करता येणारा मंत्र आहे आणि अनेक पात्रांना अंधारात दिसतं. म्हणजे मशाल मोजायचं कारणच उरत नाही. तो खेळ वाईट आहे असं मी म्हणत नाही. तो वीरांच्या पराक्रमाचा खेळ आहे, मला हवा आहे तो जपून पावलं टाकणाऱ्यांचा.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: या खेळात पात्रं मरतात. मुलांनी जीव लावलेलं पात्र दुसऱ्याच बैठकीत गेलं तर? ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’ तर प्रत्येकाला तीन-चार साधे गावकरी देऊन सुरुवात करतो आणि त्यातला एखादाच वाचावा अशी अपेक्षा ठेवतो. ज्या भागातल्या घरांनी कर्जापायी शेतकऱ्यांचे मृत्यू पाहिले आहेत, तिथे गावकऱ्यांचे असे घाऊक मृत्यू मांडणं मला सहन होत नाही. तो खेळ मी याच कारणासाठी बाजूला ठेवला. मरणाचा धोका असावा, पण तो आधी दिसावा. विंचू असलेल्या भिंतीत हात घालण्यापूर्वी चालवणाऱ्याने विंचू सांगावा. मग मुलं मरणापेक्षा सावधपणा शिकतात, हे मी म्हणतो त्याला मुलांबरोबर घालवलेल्या थोड्या संध्याकाळींचाच आधार आहे.

चौथा आक्षेप, हे सगळं परकं आहे, याला फार शब्द नकोत. नाथमाधवांची ‘वीरधवल’ आणि गो. ना. दातारांच्या कादंबऱ्या वाचलेल्या घरांना भुयारं, गुप्त दारं आणि कटकारस्थानं परकी वाटायचं कारण नाही.

७. माझी निवड आणि भाषेचं काम

म्हणून माझी निवड अशी: पाया ‘केर्न’चा. त्यावर ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’मधून उजेड-वेळेचा हिशेब, कलाचे फासे आणि धैर्याचा आकडा घ्यायचा, आणि सोन्याचे गुण गावात खर्च झाल्यावर द्यायचे. ‘केर्न’ निवडण्याचं आणखी एक साधं, व्यावहारिक कारण आहे. त्याचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे. मूळ लेखकाला श्रेय देऊन आणि आपलं कामही त्याच अटींवर खुलं ठेवून कोणीही त्याचं मराठीत भाषांतर करू शकतं, बदलू शकतं, छापू शकतं. रिसोडच्या एखाद्या शिक्षकाला पंचवीसेक पानं झेरॉक्स करून वर्गात वाटायची असतील तर कोणाची परवानगी मागावी लागत नाही. फाशांचीही अडचण नाही. 1979 च्या सुमारास अमेरिकेतच फासे कमी पडले तेव्हा खेळाच्या पेटीत आकडे छापलेल्या चकत्या दिल्या होत्या. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून काढल्या तरी खेळ तितकाच चोख चालतो.

भुयाराचं वर्णन कसं लिहावं याचा नमुनाही इंग्रजीतून आणायची गरज नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ उघडा. चक्रधरस्वामी कुठल्या गावात, कुठल्या देवळात, कुठल्या दिशेच्या कोणत्या कोपऱ्यात राहिले, दार कोणीकडे, ओटा कुठे, हे त्यात नेमक्या, अलंकार नसलेल्या वाक्यांत नोंदवलेलं आहे. चालवणाऱ्याला हव्या असलेल्या नोंदी अगदी अशाच असतात: दिशा, दार, काय दिसतं. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी गद्याने हे काम करून ठेवलंय.

भाषांतर करताना मी पहिल्याच पानावर अडलो तो ‘टॉर्च’ या शब्दावर. मराठीत मशाल आहे, पलिता आहे, टेंभा आहे, गोंधळ्याच्या हातातली दिवटी आहे. पुस्तक सगळ्यांना मिळून एक तास देतं. पण दिवटीला तेल घालत राहिलं तर ती रात्रभर चालते, नुसता चिंध्यांचा टेंभा कदाचित एक घटकाही टिकत नसेल, आणि कंदिलाची काच काळी पडली की उजेड निम्म्यावर येतो. प्रत्येकाला किती जागा, किती घटका, किती पावलं उजेड द्यायचा, हे ठरवायला तक्ता पुरणार नाही. गोंधळ घालणाऱ्यांना विचारावं लागेल, जुनी माणसं गाठावी लागतील, आणि एखाद्या अमावास्येला शेतात टेंभा पेटवून घड्याळ लावून बसावं लागेल.